दिवेलागण, दुपारी ३.२०

आमच्या चाळीत उसन्या साखरेचे दोन कायदे होते. पहिला, वाटी दिवेलागणीच्या आत परत गेली पाहिजे. दुसरा, आणताना सपाट असली तरी परत करताना ती शिगोशीग असली पाहिजे. हे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, म्हणूनच बहुधा पाळले जात. वाटी पोचवण्याचं खातं माझ्याकडे होतं. एकदा गोट्यांच्या नादात मला उशीर झाला आणि मी ऐन तिन्हीसांजेला सात नंबरच्या काकूंच्या दारात उभा राहिलो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग देवापुढच्या निरांजनाकडे, मग वाटीकडे, आणि म्हणाल्या, "आता नको, उद्या सकाळी आण." घरी आल्यावर आईने मला जे दिलं, तेही शिगोशीगच होतं.

पुढे चाळ पडली, तिथे टॉवर आला. साखर मोबाइलवरून दहा मिनिटांत दारात यायला लागली. उसन्या वाटीचा व्यवहार जगातून उठला असं मी धरून चाललो होतो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कंपनीने देऊ केलेली स्वेच्छानिवृत्ती अनिच्छेने घेतल्यावर, तो मला पुन्हा भेटला. ठिकाण डोंबिवली पूर्व, पोळी-भाजी केंद्राच्या वरचा मजला, एका सबब्रोकरचं ऑफिस. इथे साखरेच्या जागी शेअर होते आणि दिवेलागण दुपारी ३.२०ला होत होती, एवढाच काय तो फरक.

ऑफिस म्हणजे एक खोली. दोन टर्मिनल, आवाज बंद केलेला टीव्ही, आठ खुर्च्या आणि पाण्याचा एक जार. जारवर झाकण म्हणून स्टीलची वाटी पालथी घातलेली. टर्मिनलवर एक सव्वीस वर्षांचा डीलर बसे. त्याच्या दोन कानांना दोन फोन आणि तोंडात कायम कुणाचा तरी क्लायंट कोड. एक गणिताचे निवृत्त मास्तर होते, ते ग्राफपेपरवर पेन्सिलीने भाव काढायचे आणि रेघ चुकली की भावाला दोष द्यायचे. आणि एक गार्डकाका. उभा जन्म मध्य रेल्वेत गार्ड म्हणून काढलेला. रेल्वेने २०२२ मध्ये गार्डचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, ते काकांना मुळीच पसंत नव्हतं. "मॅनेजर काय मागच्या डब्यात उभा राहून झेंडी दाखवतो?" असं विचारायचे. गेल्या दोन वर्षांत त्यांनी एकही शेअर घेतला नव्हता, विकला नव्हता. ते रोज अडीचला यायचे, कोपऱ्यातली खुर्ची धरायचे आणि साडेतीनला उठून जायचे. मला वाटायचं बिचारे घरी कंटाळत असतील. पुढे कळलं, त्या खोलीत फुकट करमणूक होणारे ते एकटेच होते.

मी तिथे शिकलेली पहिली विद्या म्हणजे शॉर्ट मारणे. नवी विद्या घरी आईला सांगायची ही माझी पहिलीपासूनची सवय. आई मटार सोलत होती.

"आई, समज सकाळी भाव ४०० आहे. मला वाटतंय पडणार. मी ४००ला विकून टाकतो. दुपारी ३९० झाला की घेतो. दहा रुपये सुटले."

"विकतोस कुठला? आपल्याकडे आहे?"

"नाही."

"मग कुणाचा विकतोस?"

"तसा कुणाचाच नाही."

आईने शेंग हातातच धरली. "आणि घेणारा माल कुठाय म्हणून विचारत नाही?"

"माल उद्या द्यायचा असतो गं. आज बाजार बंद व्हायच्या आत मी तेवढेच शेअर विकत घेतले की फिटंफाट."

"म्हणजे दिवेलागणीच्या आत वाटी परत."

"अगदी बरोबर."

"मग ठीक आहे," म्हणून आईने शेंग फोडली. दाणे ताटात पडल्यावर तिने विचारलं, "परत करताना शीग द्यावी लागते का?"

मी हसलो. "शेअर बाजार आहे गं तो, चाळ नाही. इथे शीगबीग काही नसते."

हे वाक्य मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो आहे.

आता या विद्येची संध्याकाळची बाजू. तुमच्याआमच्यासारख्या किरकोळ माणसाला रोखीच्या बाजारात शॉर्ट मारून तो उद्यावर नेता येत नाही. बाजार ९.१५ला उघडतो, ३.३०ला मिटतो. तेवढ्या अवधीत विकलेला माल परत घ्यावाच लागतो. तुम्ही विसरलात तर ब्रोकरची यंत्रणा विसरत नाही. कुणाकडे ३.१५, कुणाकडे ३.२०, आमच्याकडे ३.२०, की ती आपणहून तुमचा सौदा मिळेल त्या भावाला कापते आणि वर या उपकाराचे पन्नासएक रुपये आणि त्यावरचा जीएसटी लावते. म्हणून दिवसभर गटांगळ्या खाणारा एखादा शेअर पावणेतीननंतर अचानक डोकं वर काढतो. कंपनीला काही नवं कंत्राट मिळालेलं नसतं, तिच्या मालकाला सुबुद्धी झालेली नसते, पाऊससुद्धा सरासरीइतकाच असतो. फक्त सकाळी विकून बसलेल्या माणसांना आता घरी जायचं असतं. ते घ्यायला लागतात म्हणून भाव चढतो. भाव चढतो म्हणून उरलेले घाबरतात आणि तेही घ्यायला लागतात. याला शॉर्ट कव्हरिंग म्हणतात. टीव्हीवरची बाई मात्र त्याच वेळी 'खालच्या पातळीवर दर्जेदार खरेदी' असं म्हणत असते.

गंमत म्हणजे बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा नसतो, शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची भारित सरासरी असते. म्हणजे दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येणारा, माणसं चष्मा पुसून वाचतात तो भाव, बराचसा धापा टाकणाऱ्यांनी ठरवलेला असतो.

"ही शेवटची कर्जत आहे हो," गार्डकाका एकदा कोपऱ्यातून म्हणाले. "चाळीस वर्षं बघत आलोय. शेवटच्या गाडीला माणूस खिडकी मागत नाही, चौथी सीट मागत नाही. एक पाय आत टेकला की झालं. तुमचे हे मंदीवाले आता एक पाय टेकायला बघतायत."

काका सहज बोलून गेले, माझ्या डोक्यात मात्र धंदा शिरला. माणसं घाईत असताना त्यांना जे हवंय ते आपण आधीच घेऊन बसायचं! पावणेतीनला पडलेला शेअर घ्यायचा, पाय टेकायला धावणाऱ्यांना सव्वातीनला विकायचा. स्टेशनबाहेर पाऊस सुरू होताच छत्र्या घेऊन उभे राहणारे काय करतात? दुसऱ्याच्या घाईवर आपला संसार. मी मास्तरांना योजना सांगितली. त्यांनी ग्राफपेपरवर तिची रेघ काढली. रेघ वरच जात होती, कारण त्यांनी ती माझ्या सांगण्यावरून काढली होती.

पहिल्या दिवसाचा हिशेब माझ्याकडे अजून आहे. सकाळी ४१२वर उघडलेला एका मोठ्या कंपनीचा शेअर दुपारी ४००वर आला होता. ५०० शेअर, म्हणजे दोन लाखांचा माल. इंट्राडेला पाचव्या हिश्श्याचं मार्जिन पुरतं, म्हणजे खिशातून ४० हजार. बाकीचे एक लाख साठ हजार कुणाचे, हे मी विचारलं नाही. उसन्याच्या बाबतीत घेणाऱ्याने फार चौकशी करू नये.

आता खर्च. आमचं ब्रोकरेज तीन पैशांचं, म्हणजे शंभर रुपयांच्या मालाला तीन पैसे. तीन पैसे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. लहानपणी तीन पैशांचं नाणं होतं, ते कुणी पाडलं तर पोरंसुद्धा उचलत नसत. पण दोन लाखांवर ते ६० रुपये होतात, घेताना एकदा आणि विकताना एकदा. विकताना एसटीटीचे, म्हणजे सौद्यावरच्या कराचे, ५०. बाजाराचा आकार बारा-तेरा, स्टॅम्प ड्युटी सहा, आणि ब्रोकरेज व आकारावर १८ टक्के जीएसटी. सगळे मिळून २१२ रुपयांच्या आसपास. भाव साधारण ४३ पैसे चढेपर्यंत मी सरकार, बाजार आणि ब्रोकर या तिघांच्या पोटासाठी राबत होतो. माझी पाळी चव्वेचाळिसाव्या पैशाला.

२.५२ला मी ४००ने घेतले. २.५८ला ४००.६०. तिघांची पोटं भरून माझी सुरू झाली. ३ वाजता खालच्या केंद्रात संध्याकाळच्या पोळ्यांचा तवा चढला. त्याचा वास जिन्यावरून वर येतो आणि बाजार संपत आल्याची वर्दी देतो. ३.०५ला ४०१.३०. "काका, कापू का?" डीलरने विचारलं. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "अजून कव्हरिंग सुरूच झालेलं नाही. खरी धावाधाव ३.१०नंतर." ३.११ला ४०२.१०. हजार रुपये! मी मनातल्या मनात ते वीस दिवसांनी, मग बारा महिन्यांनी गुणले आणि घराचा बाथरूम नवा केला. टाइल्स कुठल्या बसवायच्या यावर अडलो असताना भाव ४००.९० झाला.

"आता येतील," मास्तर म्हणाले.

३.१७ला ३९९.२०. "काका, कापू?" मी हाताने थांब म्हटलं. घसा बोलण्याच्या स्थितीत नव्हता. पोळीचा वास आता करपल्यासारखा यायला लागला होता, की तो माझा भास, कोण जाणे. ३.१९ला ३९८.४०. डीलरने यावेळी विचारलंच नाही, फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रात्रपाळीची नर्स नातेवाइकांकडे पाहते तसं. मी मान हलवली. आठशे रुपये तिथे गेले आणि २१२ खर्चाचे, ते ठरल्याप्रमाणे तिघांना मिळाले.

३.२३ला भाव ४०१.५० झाला.

"असं कसं?" मी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी ग्राफपेपरची घडी घातली. उत्तर दिलं ते कोपऱ्याने. "तुम्ही एकटेच का छत्री घेऊन उभे होतात? सगळी डोंबिवली उभी होती. आणि तुमचाही माल ३.२०च्या आत विकायचाच होता ना? मंदीवाल्यांना चढायची घाई, तर तुम्हाला उतरायची. दोघं एकाच दारात. आज उतरणारे जास्त निघाले. आता गाडी सुटली, फलाट मोकळा, भाव आपल्या जागेवर."

मी ज्या घाईची वाट पाहत बसलो होतो ती आलीच होती. ती माझी होती, एवढंच मला ओळखता आलं नव्हतं.

शहाणा माणूस इथे उठून घरी गेला असता. मी मात्र इतिहास वाचायला घेतला. तोटा झालेल्या मराठी माणसाला इतिहासाचा मोठा आधार असतो. मुंबईच्या दलालांनी टाऊन हॉलसमोरच्या वडाखालून उठत उठत १८७५ मध्ये आपली संघटना बांधली. पण नसलेला माल विकण्याची कला त्याहून कितीतरी जुनी. आम्सटरडॅममध्ये इझाक ल मेर नावाच्या व्यापाऱ्याने आणि त्याच्या साथीदारांनी १६०९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर असेच विकले होते, आणि कंपनीच्या तक्रारीवरून १६१० मध्ये तिथे नसलेले शेअर विकायला बंदी झाली. शिवजन्माच्या वीस वर्षं आधी! उसन्या वाटीवरून भांडण झालेलं आपण पहिले नाही, याचं मला फार समाधान वाटलं.

आमच्याकडचा दाखला मात्र त्याहून रंगतदार. त्या काळी ३.२०ची दिवेलागण नव्हती. सौदापूर्तीच्या दिवसापर्यंत वाटी ठेवता येई, आणि तेव्हाही जमलं नाही तर 'बदला' देऊन पुढच्या वलणापर्यंत मुदत घेता येई. १९८२ मध्ये कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्सचे शेअर, जवळ नसताना, धडाधड विकायला सुरुवात केली. भाव पाडायचा आणि खाली उचलायचा हा बेत. पण ते जेवढे विकत तेवढे धीरूभाई अंबानींच्या बाजूचे दलाल घेत गेले. सौदापूर्तीचा दिवस आला आणि घेणाऱ्यांनी म्हटलं, मुदत नाही, माल द्या. मुदत हवीच असेल तर उंधा बदला मोजा, आणि तो असा सांगितला की मंदीवाल्यांना घाम फुटला. माल होता कुठे? प्रकरण इतकं विकोपाला गेलं की मुंबईचा बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. मग मंदीवाले मिळेल त्या भावाने, मिळेल त्याच्याकडून वाटी भरून आणायला पळाले. पुढे २००१ मध्ये बदलाच बंद झाला आणि सगळ्या मुदती एका दिवसात येऊन बसल्या.

ही गोष्ट मी ऑफिसात रंगवून सांगितली तेव्हा गार्डकाकांनी त्यांच्या वहीतली दुसरी काढली. २४ फेब्रुवारी २०२१. राष्ट्रीय शेअर बाजारात तांत्रिक बिघाडाने ११.४०ला सौदे थांबले, ते सुरू होईनात. घड्याळ ३.३०कडे सरकतंय, लोकांचे सौदे अडकलेले. मग काही ब्रोकरांनी ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारावर कापून टाकले. आणि त्यानंतर जाहीर झालं की ३.४५ला बाजार पुन्हा उघडून ५ वाजेपर्यंत चालणार! "जंबोब्लॉक," काका म्हणाले. "लोक बस करून घरी निघाले आणि मागून गाडी आली."

एवढी उदाहरणं ऐकून माणसाने शॉर्टच्या वाटेला जाऊ नये. मी त्यातून नेमका उलटा धडा घेतला. घाईत सापडणाऱ्यांत दोन्हीकडचे असतात, तर आपण सकाळीच शॉर्ट मारू आणि दुपारी बाराला, गर्दीच्या आधी, शांतपणे कव्हर करू. लवकरची लोकल पकडणाऱ्या माणसासारखं.

एका रसायनाच्या छोट्या कंपनीचा शेअर होता. आदल्या दिवशीचा बंद भाव १७७, सकाळी १८४. "उगाच चढलाय," मास्तर म्हणाले. "काका, हा नको. दहा टक्क्यांचं सर्किट आहे, व्हॉल्यूमही नाही," डीलर म्हणाला. सल्ले दोन होते. मला हवा होता तो मी घेतला. ३०० शेअर १८४ने विकले. बाराला भाव १८६. तोट्यात कोण कव्हर करणार? एकला १८८. जेवून आलो तर १९१. २.४० वाजता भाव १९४.७० झाला आणि पडद्यावर विकणाऱ्यांचा रकाना पुसल्यासारखा रिकामा झाला. अप्पर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव चढू शकतो त्याची वरची हद्द. घेणाऱ्यांच्या रांगेत दोन लाख चाळीस हजार शेअरची मागणी, विकायला एकही नाही.

ज्यांचा आयुष्यात कधी अप्पर सर्किटमध्ये शॉर्ट अडकलेला नाही त्यांना सांगतो. तुमची खरेदी लावलेली असते. पैसे तुमच्याकडे असतात. द्यायची इच्छा कधी नव्हती एवढी असते. फक्त विकणारा नसतो. हातात रिकामी वाटी घेऊन सगळ्या गावात फिरावं आणि सगळ्या दुकानांना कुलूप असावं, तसं ते असतं. तव्याचा वास आला. ३.२० झाले. ब्रोकरच्या यंत्रणेने नियमाप्रमाणे माझा सौदा कापायचा प्रयत्न केला आणि तीही बिचारी त्याच रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. ३.३०ला बाजार बंद. डीलरने दोन्ही फोन खाली ठेवले. दोन्ही कान मोकळे असलेला डीलर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "शॉर्ट डिलिव्हरी," तो हळू आवाजात म्हणाला. "ऑक्शनला जाणार."

दुसऱ्या दिवशी बाजार माझ्या वतीने लिलाव पुकारून ते ३०० शेअर शोधतो. त्याच दिवशी शेअरला पुन्हा दहा टक्क्यांचं सर्किट लागलं, बंद भाव २१४.१५. लिलावात कुणीही विकायला आलं नाही. मग नियम असा, की सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वांत वरचा भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर २० टक्के, यांतलं जे जास्त त्याने हिशेब चुकता करायचा. माझ्या वाट्याला २५६.९८ आला. १८४ची वाटी मी २५६.९८ने परत केली, गुणिले ३००, म्हणजे बावीस हजारांच्या आसपास. ज्याने माझ्याकडून ते शेअर घेतले होते त्या अनोळखी गृहस्थाला काही न करता ही भर पोचली. काकूंच्या वाटीवर आईने घातलेली शीग एवढी उंच कधीच नव्हती.

घरी सांगायचं कसं हा प्रश्न होता. बायको कॉन्ट्रॅक्ट नोट वाचत नाही असा माझा समज होता. ती फक्त शेवटची ओळ वाचते हे मला त्या दिवशी कळलं. पण मी तयारीनिशी बसलो होतो. सेबीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास काढून दाखवला. २०२२-२३ या वर्षात रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. वर्षाला ५००हून जास्त सौदे करणाऱ्यांत तर हे प्रमाण ८० टक्के. "म्हणजे बहुमत माझ्या बाजूला आहे," मी म्हणालो.

तिने चष्मा लावला आणि पुढे वाचलं. "अविवाहितांमध्ये तोटा करणारे विवाहितांपेक्षा जास्त आहेत म्हणे."

"असतील."

"आणि बायकांपेक्षा पुरुष जास्त."

मी पंख्याकडे पाहिलं.

"म्हणजे सेबीच म्हणतेय की माझ्यामुळे थोडक्यात वाचलात." तिने कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. "आणि हे काय? तोटा झालेल्यांनी तोट्याच्या ५७ टक्के एवढी रक्कम वर खर्चापायी दिली?"

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ऐंशी पार केलेल्या माणसांना टीव्ही ऐकू येत नाही, पण पैशांचं सगळं ऐकू येतं. "शीग ती! मी तेव्हाच विचारलं होतं."

मार्च संपल्यावर सीएकडे गेलो. एरवी माझं विवरणपत्र म्हणजे पाच मिनिटांचं काम. या वर्षी त्याने आयटीआर-३ काढला, धंदेवाल्यांचा. वयाच्या पन्नाशीनंतर का होईना मी धंद्यात पडलो म्हणून जरा बरं वाटत होतं. तो म्हणाला, "इंट्राडे म्हणजे कायद्याने सट्टा व्यवसाय. हा तोटा पगार-व्याजातून वजा होत नाही. पुढची चार वर्षं सट्ट्यात नफा झाला तर त्यातून वजा करता येईल." म्हणजे सरकारने मला तोट्याची आठवण म्हणून चार वर्षांची मुदत दिली होती. बदला बंद झाला असं कोण म्हणतं?

ती चार वर्षं अजून संपलेली नाहीत. तो तोटा मुदत न संपलेल्या औषधासारखा कपाटात पडून आहे. सबब्रोकरकडे जाणं मी कमी केलं, पण मोबाइलवर अ‍ॅप आहे, आणि पावणेतीन वाजले की अजूनही हाताला आपोआप खाज सुटते. परवाही तसंच झालं. एक शेअर सकाळपासून पडलेला, ३.०८ला उठायच्या बेतात. बोट बटणावर. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

शेजारच्या फ्लॅटमध्ये नवी भाडेकरू आलेली एक मुलगी दारात उभी होती. कुठल्याशा आयटी कंपनीत आहे, घरून काम करते. हातात वाटी. "काका, सॉरी हं. साखर आहे का थोडी? अ‍ॅपवर पंचेचाळीस मिनिटं दाखवतायत आणि माझ्याकडे गेस्ट आलेत."

मी स्वयंपाकघरात गेलो. साखरेचा डबा कुठे असतो हे शोधण्यात काही वेळ गेला, झाकण उघडण्यात आणखी काही. वाटी सपाट भरून दिली. तिने गाव विचारलं, आईची चौकशी केली. मग मी आत येऊन फोन हातात घेतला तर ३.३३ झाले होते. बाजार माझ्याशिवाय बंद झाला होता आणि त्याला त्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं. तो शेअर चढला की पडला, ते मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं. पडला होता.

संध्याकाळी आईने देवापुढे दिवा लावायला काडीपेटी हातात घेतली, तेवढ्यात पुन्हा बेल. मुलगी वाटी घेऊन उभी. आई भिंतीला धरत दारापर्यंत आली, आधी बाहेरच्या उजेडाकडे आणि मग वाटीत डोकावून पाहिलं. मुलगी गेल्यावर म्हणाली, "वेळेत आणली हो. पण सपाटच आहे. हल्लीच्या मुलींना शीग ठाऊक नाही."

"असू दे गं," मी म्हणालो. "दिलं तेवढंच्या तेवढं परत आलंय. कितीतरी दिवसांत मी केलेला, खर्च न कापलेला हा पहिलाच सौदा आहे."

आईने वाटी डब्यात उपडी केली आणि काडी ओढली.